गोठ्यातले धनी

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी गावातल्या एका कर्त्या पुरुषाचा अपमान केला. तो पुरुष म्हणजे वर्षभराचा गोऱ्हा होता, एवढंच काय ते माझ्या बाजूने सांगता येईल.

कारंज्याहून मोठा रस्ता सोडला की बैलगाडीच्या चाकोरीने आत जावं लागे, अशा एका गावात मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झालो होतो. हा हुद्दा गावात कोणाच्या जिभेवर बसला नाही. लोक मला ‘ढोराचा डाक्टर’ म्हणत, आणि मी ते दुरुस्त करत नसे. खरं तर मी डॉक्टर नव्हतो. माझं शिक्षण म्हणजे वर्षभराचा कोर्स, आणि त्यातले निम्मे दिवस गायीच्या कोणत्या बाजूला उभं राहिलं की लाथ बसत नाही, हे समजून घेण्यात गेले होते. उरलेल्या निम्म्या दिवसांत लाथा बसल्या.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. तरी सरकारी पिशवी घेतलेला माणूस गावात शिरला की पुरुषमंडळी अजून तुरीत लपून बसत. त्यात माझ्या पिशवीत होता गोऱ्हे खच्ची करायचा लोखंडी चिमटा. हातभर लांब, जाड दांड्यांचा. एसटीत तो मांडीवर घेऊन बसलो की शेजारचा प्रवासी आधी चिमट्याकडे बघे, मग माझ्याकडे, आणि पुढच्या थांब्याला उतरून जाई. त्याचं गाव तिथे असो वा नसो.

मला खोली मिळाली ती गावाच्या टोकाला. माझ्या खोलीचं अंगण आणि शेजारचा गोठा यांच्यामध्ये पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, कूड होता आणि त्याला इतकी भोकं होती की, तिकडची गाय फुरफुरली तर इकडे माझा स्टोव्ह विझायचा. पहिल्या रविवारी सकाळी दात घासत उभा होतो तेव्हा त्या भोकांतून मला एक दृश्य दिसलं. माझ्याच वयाची एक बाई, डोक्यावरून नाकापर्यंत पदर ओढून, एका पांढऱ्या गोऱ्ह्यापुढे पितळी ताट ठेवत होती. ताटात दोन भाकरी, वरण, कडेला कांदा. ताट ठेवून ती दोन पावलं मागे सरली आणि तोंड फिरवून उभी राहिली. ओसरीवरून एक पन्नाशीची बाई ओरडली, “काऊन वं, पानी कोन ठेवन? धनी जेवाले बसले ना!”

मी इकडे-तिकडे पाहिलं. धनी कुठेच दिसेनात. गोऱ्ह्याने मात्र वरणात तोंड घातलं होतं.

आता शहाणा माणूस असता तर चूळ भरून आत गेला असता. मी नवा होतो, आणि कोर्सात पोटफुगीवर एक अख्खा धडा होता. मी कुडावरून मान वर काढून म्हटलं, “काकी, असं शिजलेलं घालू नका त्याला. पोट फुगेल.”

ओसरीवरची बाई उठली. कुडाजवळ आली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“डाक्टर, तुमच्या घरी जावई जेवाले बसला, तं त्याले असंच म्हणता का?”

“नाही, पण हा तर...”

“हा काय? सांगा ना. हा काय?”

माझ्या तोंडात दंतमंजन होतं, त्यामुळे वाक्य अर्धं राहिलं. त्या अर्ध्या वाक्यावरच संध्याकाळपर्यंत गावात झालं, की नव्या डाक्टरने काकीच्या पोराला ढोर म्हटलं.

खरी हकिकत मला घरमालकाकडून कळली. घरमालक म्हणजे जातीच्या चार पंचांपैकी एक. वयाने मोठे, बोलायला हळू, आणि कुठलाही निर्णय एका बैठकीत न देण्याबद्दल पंचक्रोशीत नाव असलेले. त्यांनी सांगितलं ते असं : काकी लवकर विधवा झाली, एकुलत्या एका पोराला तिने वाढवलं, त्याचं लग्न केलं. लग्नाला दीड वर्ष होतं न होतं, तो पऱ्हाट्यांचा ढीग उपसताना त्याला साप चावला. पोरगं गेलं. तेरवी झाली त्याच दिवशी घरची गाय व्याली. गोऱ्हा झाला. गवळाऊ जातीची गाय, वासरू पांढरंशुभ्र, पण डाव्या कानावर काळा डाग. मेलेल्या पोराच्याही डाव्या कानापाशी तसाच तीळ होता. काकी गोठ्यात गेली, कान धरून पाहिला, आणि बाहेर येऊन तेरवीला जेवत बसलेल्या पंगतीला म्हणाली, “आला माहा बाबू!”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“काय म्हणाव बाप्पा? ताजं दुःख होतं. आम्ही म्हटलं, हाव काकी, आला. दोन-चार महिन्यानं उतरन, म्हटलं.”

ते उतरलं नाही. गोऱ्ह्याला मात्र शिंगं आली.

आणि त्या शिंगांच्या धाकात सून राहू लागली. हे सगळं मी पुढच्या काही महिन्यांत कुडाच्या भोकांतून पाहिलं. धन्याचं जेवण झाल्याशिवाय तिने घास खायचा नाही. पावसाळ्यात धन्याचं पोट बिघडलं तेव्हा तीही उपाशी राहिली. गोठ्यात मोठ्याने बोलायचं नाही, धन्याच्या पुढून जायचं नाही, त्याला ‘हो-हाड’ करायचं नाही. थंडी पडल्यावर “बाबूले एकट्याले करमत नाई” म्हणून काकीने तिचं अंथरूण गोठ्यात टाकलं. अंथरूण म्हणजे दोन पोती. धन्याच्या अंगावर मात्र लग्नातली सतरंजी.

एवढं असून सून विधवाही होतीच. बांगड्या फुटल्या त्या फुटल्याच. कपाळ पांढरं. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, लग्नकार्यात पुढे यायचं नाही. एकदा तिने सरळ विचारलं, मी कुडाआड भांडी घासत होतो म्हणून मला ऐकू आलं : “आत्याबाई, धनी परत आले ना, मंग कुंकू लावू का?”

काकीने हातातलं जळणाचं लाकूड तिच्या पाठीत घातलं. “लाज नाई वाटत? माहा पोरगा जाऊन दोन सालं नाई झाले, आन कुंकू लावते!”

म्हणजे कामापुरता नवरा जिवंत आणि कुंकवापुरता मेलेला. मी सरकारी नोकरीत होतो, एकमेकांविरुद्ध जाणारे दोन नियम एकाच कपाटात सुखाने राहतात हे मला माहीत होतं. पण पाठीवर लाकडाचा आवाज येतो तेव्हा हा विनोद फार वेळ टिकत नाही. मी भांडं आपटून खाकरलो. काकी आत गेली. सून कुडाशी आली आणि हळूच म्हणाली, “भाऊ, तुमच्या पुस्तकात माणसाचं ढोर होते, असं आहे का कोठी?”

“नाही बुवा.”

“माहा नवरा माणूस होता तवा घरात त्याचं कोणी ऐकत नव्हतं,” ती म्हणाली. “बैल झाला तं साऱ्या घराले त्याचाच हुकूम. आधी ठावं असतं तं लगनच बैलाशी केलं असतं.”

मी हसलो. ती हसली नाही. तिची पाठ दुखत असावी.

संक्रांत झाली आणि तिचा भाऊ आला. पुलगावजवळचा शेतकरी, साधा माणूस. त्याने बहिणीसाठी स्थळ आणलं होतं. पुलगावच्या गिरणीत कामाला असलेला एक जण, बायको बाळंतपणात गेलेली, घरी म्हातारा बाप. आमच्या भागातल्या शेतकरी जातींत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. भावाने ओसरीवर बसून बहिणीला विचारलं. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं, “मले पसंत आहे. आजच घेऊन चाल.”

काकी दारातच उभी होती. “नवरा जित्ता असताना पाट? कोनत्या जातीत होते रे असं? जाय, गोठ्यात जाय, आपल्या जवायाले इचार, बायको नेऊ का म्हणून!”

भाऊ बिचारा खरंच गोठ्यात गेला. तिथे काय बोलणं झालं माहीत नाही, पण बाहेर आला तेव्हा त्याच्या टोपीचा कोपरा चघळलेला होता.

प्रकरण पंचांकडे गेलं. मारुतीच्या पारावर चौघं म्हातारे बसले. अडचण अशी होती, की चौघांपैकी कोणीही ‘हे ढोर आहे’ असं काकीच्या तोंडावर म्हणायला तयार नव्हतं. मागच्या पोळ्याला काकीने त्या गोऱ्ह्याला बाशिंग बांधून मिरवलं होतं आणि माझ्या घरमालकांनी सगळ्या गावादेखत त्याच्या पाया पडून घेतलं होतं. आता मागे कसं सरायचं? तेव्हा भावाच्या डोक्यात कल्पना आली : डाक्टरला विचारा. सरकारी माणूस आहे, त्याचा शब्द चालेल.

मला बोलावणं आलं तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घातला. आज आपण अंधश्रद्धेचा नायनाट करणार, अशा थाटात पारावर चढलो. वाटेतच दोन-तीन जोरदार वाक्यं तयार केली होती. ती तशीच खिशात राहिली, कारण घरमालकांनी पहिलाच प्रश्न असा टाकला :

“डाक्टर, या गोऱ्ह्यात माणसाचा आत्मा नाई, असं तुमच्या पुस्तकात लिहेल आहे का?”

मी प्रामाणिकपणे विचार केला. हाच माझा दोष. “पुस्तकात फऱ्या आहे, घटसर्प आहे, लाळ्या-खुरकूत आहे. आत्म्याचं प्रकरण नाही.”

“म्हणजे, नाई असं लिहेल नाई.”

“तसं लिहिलेलं नाही, पण...”

“झालं तं मंग,” घरमालक बाकीच्या तिघांकडे वळून म्हणाले. “सरकार नाई म्हनत नाई.”

पंचांनी ‘विचार करून सांगू’ म्हटलं. काकी गावभर सांगत सुटली की बाबूचं परत येणं सरकारनेसुद्धा मान्य केलं. भाऊ माझ्याकडे असा बघत पुलगावला गेला, की मी आठ दिवस कुडाच्या बाजूला दात घासले नाहीत. सून एकदाच बोलली. “भाऊ, तुम्ही मदत नका करत जाऊ,” एवढंच.

तो गिरणीतला माणूस किती थांबणार होता? त्याच्या बापाला घरात बाई हवी होती, त्याला दुसरी स्थळं येत होती. भावाचा निरोप आला, की पाऊस पडायच्या आत काय ते ठरवा, नाहीतर तो दुसरीकडे बघेल. सुनेने तो निरोप ऐकला, आणि धन्याला पाणी पाजायला गेली.

मे महिन्यात वरून आदेश आला : पावसाळ्याआधी सगळ्या जनावरांना घटसर्पाची लस टोचा, आणि गावातले मोकाट, हलके गोऱ्हे खच्ची करा. दोन्ही मोहिमा एकदम. मी दवंडी दिली. पारासमोर दोन खोडे ठोकले. खोडा म्हणजे जनावर अडकवायची लाकडी चौकट. पुढून मालकाने शिंगं धरायची, मागून आम्ही आमचं काम करायचं. एक खोडा कडुनिंबाखाली, तिथे मी चिमटा घेऊन. दुसरा विहिरीजवळ, तिथे माझा शिपाई सुई घेऊन. दोन खोडे, दोन रांगा. इतकी सुरेख व्यवस्था मी त्याआधी कधी केली नव्हती, आणि नंतरही कोणी करू दिली नाही.

सकाळभर काम झकास चाललं. दुपारी जेवायला उठलो, परत येतो तो कडुनिंबाची सावली सरकून विहिरीच्या बाजूला गेलेली. वर्ध्याकडचं मे महिन्याचं ऊन ज्याने खाल्लं आहे त्याला पुढचं सांगायला नको. चिमट्याच्या दांड्यांना हात लावला तर पोळत होता. मी शिपायाला म्हटलं, “तू या खोड्याला ये, मी तिकडे जातो.” तो म्हणाला, “जी साहेब.” आम्ही सामानासकट जागा बदलल्या.

रांगांना सांगायचं राहिलं.

लसीच्या रांगेत पहिला नंबर काकीचा होता. बाबूला सुई लवकर टोचावी म्हणून ती जेवणाच्या सुट्टीतही उन्हात उभी होती, बाबूच्या पाठीवर ओलं फडकं टाकून. मी खोड्याच्या मागे बसलो. समोर मला शेपूट दिसत होतं, आणि ज्याच्याशी मला कर्तव्य होतं ते दिसत होतं. कान पुढच्या बाजूला असतात. पुढून आवाज मात्र ऐकू येत होता. “डरू नको राजा. मुंगी चावल्यावानी वाटते. मी आहे ना.”

मला वाटलं, काय हौशी लोक असतात. मी चिमटा लावला. कट्. मग दुसऱ्या बाजूने. कट्.

बाबू असा हंबरला की पारावरची कबुतरं उडाली.

“झालं का इंजक्शन?” पुढून काकीने विचारलं.

इंजक्शन? मी हळूच उठून खोड्यावरून पाहिलं. डावा कान. काळा डाग. रांगेत पुढचा नंबर बघितला, तर ती गाय होती. म्हणजे मी वेळेवर उठलो नसतो तर त्या दुपारी पशुवैद्यक शास्त्रात एक नवंच प्रकरण उघडलं असतं.

“झालं,” मी म्हणालो.

“मागून काऊन दिलं? साऱ्यायले मानेत देऊन राह्यले ना?”

“मोठ्या माणसांना मागूनच देतात, काकी.”

‘मोठ्या माणसांना’ म्हटल्यामुळे तिला फार बरं वाटलं. ती म्हणाली, “डाक्टर, तुमच्यात सुधारणा झाली.” आणि बाबूला घेऊन गेली. बाबू मागचे पाय फाकवून, एखाद्या नव्या जोड्याने चावल्यासारखा चालत होता.

दुसऱ्या दिवशी सूज आली. काकीने गावाची ढोरं राखणाऱ्या गुराख्याला बोलावलं. त्याने एकदा वाकून पाहिलं आणि मटकन खाली बसला, हसून हसून. “काकी, तुमचा बाबू खच्ची झाला. आता बैल झाला बैल.”

काकीची ती हाक मी खोलीत ऐकली. अंगणात उभी राहून, दोन्ही हात वर करून, ती गावाला सांगत होती, “अरे धावा रे! सरकारनं माह्या पोराची नसबंदी केली!”

हा शब्द ऐकल्याबरोबर गावात काय झालं म्हणता! गल्लीतला प्रत्येक पुरुष दिसेनासा झाला. मे महिना, शेतं उघडी बोडकी, लपायला तूर नाही, तर लोक नाल्यात जाऊन बसले. घरमालक तर धान्याच्या कोठीमागे. त्यांच्या बायकोने मला दारातून विचारलं, “डाक्टर, जीप आली का?” मी म्हटलं, “जीप नाही आली, मीच आहे.” तर तिने दार लावून घेतलं.

मंडळी नाल्यातून परत आल्यावर संध्याकाळी पार भरला. फिर्यादी काकी, आरोपी मी, आणि मधोमध साक्षीपुरावा म्हणून गोऱ्हा. काकीची मागणी एकच. “माहा पोरगा जसा होता तसा करून द्या.”

“होते का परत?” घरमालकांनी मला विचारलं.

“नाही होत.”

“काहीच नाई होत?”

“काहीच नाही.”

पंचांपैकी एक म्हातारे एकदम खाली बघू लागले. त्यांचं आणीबाणीत काय झालं होतं ते गावाला माहीत होतं, त्यामुळे कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही. बराच वेळ विचार झाल्यावर ठरलं, की आधी डाक्टरने ज्याचा गुन्हा केला त्याची माफी मागावी. मी उठलो. हात जोडून गोऱ्ह्यापुढे उभा राहिलो. इस्त्रीचा तोच शर्ट अंगात होता. “चूक झाली, माफ करा,” असं मी आदरार्थी म्हणालो. त्याने माझा खालचा खिसा तोंडात घेतला आणि शांतपणे चघळू लागला. “बाबूनं माफ केलं,” गर्दीतून कोणीतरी म्हणालं. “मी नाई केलं!” काकी म्हणाली.

आणि तेव्हा देवळाच्या खांबाआडून, पदर तसाच नाकापर्यंत ओढलेला ठेवून, सून बोलली.

“पंचहो, मले एक इचाराचं आहे.”

पारावर बायकांनी बोलायची पद्धत नव्हती, पण त्या दिवशी पद्धतीचं काही उरलंच नव्हतं. घरमालक म्हणाले, “इचार पोरी.”

“आत्याबाई म्हणते ते मले मान्य आहे. हे माहे धनीच आहेत. दोन सालांपासून यायचं जेवण झाल्याबिगर मी घास खाल्ला नाई, साऱ्या गावानं पायलं. आता डाक्टर म्हणून राह्यले, हे संसाराच्या कामाचे राह्यले नाई आन पुढं होणार बी नाई. मंग नवरा असा झाला, तं आपल्या जातीत बायकोले काडीमोड भेटते का नाई?”

इतकं शांत झालं, की माझा खिसा चघळल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. जातीचा नियम होता, जुना, स्पष्ट. त्यावर त्यांनी आधी निवाडेही दिले होते. त्यांचे चेहरे पहिल्यांदाच ओळखीच्या रस्त्याला लागलेल्या बैलांसारखे झाले. “भेटते,” घरमालक म्हणाले. “नवऱ्यानं आपल्या हातानं काडी मोडली पायजे.”

“यायले हात नाई,” सून म्हणाली. “तोंडानं चालन का?”

चौघांची डोकी एकत्र आली. त्यांच्यात वाद झाला तो फक्त काडी तुरीची की ज्वारीची, यावर. शेवटी ज्वारीच्या कडब्याचं एक धांडं आणलं. घरमालक उठले, धोतर सावरलं, आणि दोन्ही हातांनी ते धांडं आडवं धरून गोऱ्ह्यासमोर उभे राहिले. ज्या गंभीरपणे त्यांनी सगळ्या जातीचे काडीमोड केले होते त्याच गंभीरपणे त्यांनी विचारलं, “बाबू, तुही बायको तुले सोडून जाऊन राह्यली. तुही मरजी असन तं काडी मोड.”

आता मे महिन्यात, कडबा संपत आलेला असताना, गोऱ्ह्यापुढे धांडं धरलं तर त्याची मर्जी काय असणार? त्याने माझा खिसा सोडला, मान लांब केली आणि धांडं मधोमध कडाकड मोडलं. अर्धं खाल्लं. मग उरलेल्या अर्ध्यासाठी घरमालकांच्या हाताला जीभ लावली.

“मोडली!” सगळा पार ओरडला.

“थांबा!” काकी धावत मधे आली, तिने त्याच्या तोंडातून धांडं ओढायला सुरुवात केली. “असं कसं मोडली? त्याले काय कयते? ढोर आहे ते! ढोराच्या जातीले काय कयते, कायची काडी आन कायचं काय! खायाले दिसलं तं खाल्लं त्यानं! ढोर आहे ते!”

बोलता बोलता ती थांबली. हातात चघळलेलं धांडं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, गोऱ्ह्याकडे पाहिलं, आणि पाराच्या पायरीवर बसली. मग रडली. पोर गेलं तेव्हा ती रडली नव्हती, असं बायका नंतर म्हणत होत्या. तेराव्या दिवशी तर ते परत आलं होतं, रडायला वेळच मिळाला नव्हता. कोणी हसलं नाही. सून पुढे झाली, तिने तिच्या हातातलं धांडं काढून घेतलं, आणि तिच्याजवळ बसली नाही, पण उभी राहिली.

घरमालकांनी घसा साफ केला. “मंग असं आहे,” ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका बैठकीत निवाडा दिला. “माणूस असन तं काडी मोडली. ढोर असन तं पोरगी विधवा आहे, पाट लागते. दोन्हीकून मोकळी. भावाले निरोप धाडा.”

“आन माहं शेण कोन काढन?” काकीने पायरीवरून विचारलं. रडणं अजून संपलं नव्हतं. “पानी कोन भरन? वैरण कोन टाकन?”

चारही पंच हळूहळू माझ्याकडे वळले.

पाट लागला. तो दिवस उजाडायच्या आत उरकतात, मला बोलावणं नव्हतं. पण सकाळी फाट्यावर एसटीसाठी तिची पेटी नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं. नवरदेव म्हणजे उंच, लाजरा माणूस. गावातून त्याच्या कानावर सगळं आलेलं दिसत होतं, कारण मी पेटी घेऊन जवळ गेलो की तो एक पाऊल मागे सरे आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघे. सुनेच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. बस आली. चढताना ती मला म्हणाली, “भाऊ, आत्याबाईची गाय डाव्या बाजूनं लात मारते. उजवीकून बसजा.” मला आजवर कोणी सांगितलेल्या गोष्टींत ही सर्वांत उपयोगी होती. कोर्सात वर्षभर मिळाली नव्हती.

त्या दिवसापासून माझी बदली होईपर्यंत काकीचा गोठा माझ्याकडे होता. सकाळी शेण, मग पाणी, मग दवाखाना, संध्याकाळी वैरण. निवाडा झाल्यापासून काकी मला ‘तुम्ही’ म्हणेनाशी झाली. “झाडलं का रे?” “कोपऱ्यातलं कोन काढन, तुहा बाप?” ओसरीवर बसून ती माझ्यातल्या चुका काढी, आणि तिला त्यासाठी फार लांब बघावं लागत नसे. बैलाला भाकरी घालणं तिने बंद केलं होतं. त्याला ती आता ‘बैल’ म्हणायची, पण जरा थांबून, जीभ अडखळल्यासारखी.

एकदा, पावसाळ्यात, मी घमेलं घेऊन घसरलो आणि शेणासकट आडवा झालो. उठता उठता वैतागून म्हणालो, “काकी, माणूस आहे मी. किती बोलाल?”

“त्या पोरीनं कधी उलटा शब्द नाई काढला,” ती म्हणाली. “इतकं केलं, तरी नाई काढला. अशी कामाची पोरगी साऱ्या जिल्ह्यात नाई भेटन.”

मी घमेलं खाली ठेवलं. वर्षभरात कुडाआडून मी सुनेबद्दल काकीच्या तोंडून एवढंही चांगलं कधी ऐकलं नव्हतं.

“पुढच्या आठवड्यात पुलगावला जाणार आहे मी,” म्हटलं. “हे तिला सांगू का?”

काकी ओसरीवरून उतरली आणि तिने पायाने घमेलं माझ्याकडे सरकवलं.

“खबरदार,” ती म्हणाली. “तू शेण काढ.”